बुडवून ठेवलेली नाव

फायबरच्या नावेत दगड भरून तिला उन्हाळाभर नदीत बुडवून ठेवणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली, आणि माझं डोकं फिरलं.

माझं दुकान वडशाला. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, हिवाळ्यात नाटकवाल्यांसाठी सिंहासनं आणि देवळाचे खांब, सगळं फायबरचं. नावेचं काम येतं ते फक्त एटापल्लीच्या पलीकडच्या एका नदीकाठच्या गावाहून. तिथला रपटा, म्हणजे नदीवरचा ठेंगणा पूल, पावसाळ्यात पाण्याखाली गेला की दवाखाना पलीकडे राहतो आणि ही एकच नाव उरते. यंदा नावाड्याचा फोन आला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. "भाऊ, नाव फुगली. लवकर या, पोरीचे दिवस भरत आले."

गेलो. नाव काठावर पालथी घातली होती. पोटावर फोडच फोड, एक वीतभर चीर, आणि चिरेवर अंगठा दाबला की आतून पाणी झिरपत होतं. आतल्या बाजूनं दगडांनी घासून वरचा थर पार उडाला होता, आतल्या काचेच्या मॅटचे धागे दिसत होते. काय झालं विचारलं तर म्हणे डोंगा ठेवतो तशी ठेवली. त्यांचा डोंगा म्हणजे एका खोडातून कोरलेली अरुंद होडी. उन्हात तो तडकतो, म्हणून उन्हाळ्यात दगड भरून बुडवायचा आणि पावसाच्या तोंडावर वर काढायचा. लाकडाला ते बरोबर आहे. फायबरमध्ये बारीकशा चिरेतूनही पाणी शिरलं की ते आतल्या आत थर सोडवत जातं.

नावाडी माझ्याहून वयानं मोठा. एरवी मी त्याला भाऊ म्हणतो. त्या दिवशी सगळ्या गावासमोर अरे-तुरेवर आलो. "लाकूड हाय का रे हे? म्हशीवाणी डुंबवून ठेवली! तुमच्या हाती चांगली वस्तू देऊच नये!" तो खाली मान घालून ऐकत राहिला. त्याची मुलगी मोहाच्या झाडाखाली बसली होती, नववा महिना, शेजारी कपड्यांचं गाठोडं. वरच्या अंगाच्या पावसानं रपटा यंदा लवकरच बुडाला होता, आणि डोंग्यात तिला धड टेकताही आलं नसतं. तिला न्यायचं तर याच नावेतून.

आणि मला घाई करता येत नव्हती, याचा वेगळा संताप. वरून पुट्टी मारून रंग फासला असता तर नाव दोन तासांत नवी दिसली असती आणि नदीच्या मधोमध तिचं ठिगळ सुटलं असतं. मॅट चिकटवणारं रेझिन ओल्यावर धरत नाही. लाइट होती तेवढा वेळ ग्राइंडर चालवला, बाकीचं पटाशीनं खरवडलं. ओली मॅट सगळी काढून टाकली. मग तीन दिवस नुसतं वाळवणं. दुपारी ढग आले की ताडपत्री घाल, ऊन पडलं की काढ. मी ढगांवर चिडलो, ताडपत्रीवर चिडलो, चहा गोड झाला म्हणून चिडलो. नावाडी माझ्या बरोबरीनं राबत होता आणि त्याच्या शांतपणाचाही मला राग येत होता.

तिसऱ्या दिवशी काठावर आम्ही दोघंच होतो. मी पुन्हा तेच काढलं. "पण बुडवलीच काऊन?"

पॉलिश पेपर घासता घासता तो म्हणाला, "भाऊ, मागच्या साली तुमालेच पुसलो होतो, उन्हाळ्यात कशी ठेवू म्हून. तुमी म्हणले, तुमच्या डोंग्यावाणी ठेवा."

आठवलं. चांगलंच आठवलं. बस सुटायची होती, हातात रेझिनचा डबा होता, आणि मी चालता चालता, मागे न बघता ते बोललो होतो. जपून ठेवा, एवढंच मला म्हणायचं होतं. ते डोंगा कसा जपतात हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या काठावर येऊन मी कधी विचारलंही नव्हतं.

"मंग त्या दिवशी सगळ्यांसमोर काऊन नाई सांगतलं?"

"तुमी रागात होते. उठून गेले असते तं? पोरीले नेणं हाय ना."

मी गेलोच असतो. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि तेच मला झोंबलं. दातओठ खात मी काम केलं. मॅटचे चार थर दिले, प्रत्येक थरातली हवा रोलरनं काढली, कडा दोनदा घासल्या. एवढं चोख काम मी दुकानात कधी केलं नाही. पण राग काही उतरला नाही. आता तो दुसऱ्या कुणावर काढताही येत नव्हता.

पाचव्या दिवशी नाव पाण्यात घातली. पलीकडे एक फेरी मारून आली, आत थेंब नाही. नदी आणखी चढायला लागली होती, म्हणून मुलीला लगेच पुढच्या फेरीत न्यायचं ठरलं. सगळं गाव काठावर जमलं. बायकांनी तिला धरून आत बसवलं, पाठीला गोणपाट दिलं. नावाड्यानं वल्हं उचललं तशी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बापाला म्हणाली, "बा, आता तं भाऊचं आयकशीन ना? तू तं माह्या जीवावरच उठला होता."

लोक हसले. तोही हसला, "हो माय, चुकलो," म्हणाला आणि नाव पाण्यात लोटली. मी काठावर, चार पावलांवर उभा होतो. चूक माझी होती, एवढंच बोलायचं होतं. नाव पलीकडे लागेपर्यंत वेळ होता, आणि मी बोललो नाही.