कावळा शिवल्याचा सांगावा

समाज-मानसशास्त्रात डॉक्टरेट करायचं मी ठरवलं, तेव्हा आमच्या लिंबागणेशात या विषयाचं नावही कुणाला धड घेता येत नव्हतं. निजामाचा अंमल होता. वर्तमानपत्र आलं तर आठवड्याने, तोवर बातमी तोंडोतोंडी फिरून ओळखू न येण्याजोगी व्हायची. माझा प्रबंध त्यावरच होता: खोटी बातमी माणसं खरी का मानतात. बीडला खोली घेऊन मी वह्या भरत होतो. आई गावी काकांकडे असे. "लोकांच्या चहाड्या लिवून पोट भरतं व्हय?" एवढंच तिचं या विद्येबद्दलचं मत.

एका दुपारी काकांच्या शेजारचे गृहस्थ गावाहून सायकलवर सांगावा घेऊन आले. आई गेली. टांगा करून मी दहा कोस रडत गेलो, तर ही ओसरीवर डाळ निवडत बसलेली! सकाळी तिच्या डोक्याला कावळा शिवला होता. असं झालं की मरण जवळ आलं म्हणायचं, आणि जवळच्या माणसाला मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. तो रडला की अरिष्ट टळतं, अशी आमच्याकडची रीत. मी भयंकर चिडलो.

"रडलास न्हवं? मग टळलं," आई म्हणाली.

"उद्या पुन्हा निरोप आला तर खरा की खोटा, कसं कळायचं?"

"कळून काय करायचंय? तू यायचं. खोटा निघाला तर जेवून जाशील."

राग दोन दिवस टिकला. मग माझ्या लक्षात आलं, प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण घरबसल्या मिळालं होतं.

पाच महिन्यांनी सकाळी तेच शेजारी दारात उभे. "आई गेली. चला." मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि वही उघडली. कुणी सांगायला धाडलं? नेमक्या कोणत्या शब्दांत? वाटेत कुणाला बोललात? बिचारे सगळं सांगत गेले. "लिवता काहून? चला की," असं दोनदा म्हणाले. "मागच्या वेळीही तुम्हीच आला होता," मी हसून म्हणालो. माझ्याकडे बघत ते उठले आणि सायकल घेऊन गेले. मी लिहिलं: सांगणारा रडत नाही.

तिसऱ्या दिवशी गावी गेलो, तोही जेवायच्या बेताने. ओसरी रिकामी होती. काकांचं डोकं भादरलेलं. राख सावडून माणसं नुकतीच परतली होती.

"दिवस मावळस्तोवर वाट बघितली," काका म्हणाले. "मग मीच अग्नी दिला. शेजाऱ्यानं सांगितलं, तुझी गाठच पडली न्हाई."

त्या माणसाने मला पाठीशी घातलं होतं. मी रडू येण्याची वाट पाहिली. आलं नाही. मुंग्या येऊन पाय बधिर व्हावा तसा सगळाच झालो होतो. रडायचं ते टांग्यात रडून झालं होतं, असं वाटलं आणि तेही फारसं टोचलं नाही.

सुतकाचं घर, चूल बंद. शेजाऱ्यांकडून पिठलं-भाकरी आली होती. काकूने ताट पुढे सरकवलं. निरोप खोटा निघाला तर जेवून जाशील, असं आई म्हणाली होती. खरा निघाला तर काय करायचं, ते मी विचारलं नव्हतं.

मी जेवलो.