मावशी गप्प झाल्या तेव्हा

समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला गुणात्मक संशोधन पद्धती शिकायच्या होत्या. एक मुलाखत घ्यायची आणि शब्दन् शब्द उतरवून काढायचा. मी कंपन्यांनी वेढलेल्या उरवडे गावी गेले. कारखान्याच्या भिंतीलगत साठीच्या एक मावशी मेंढरं चारत होत्या. कागदावरचे बावीस प्रश्न मी त्यांना भराभर विचारले.

"कंपन्या आल्यापासून काय बदललं?"

"काय न्हाई."

मी पुढच्या प्रश्नाकडे वळले.

आमच्या बाईंनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि मी उतरवलेल्या कागदावर त्या उत्तराभोवती पेन्सिलीनं गोल केला. "इथे त्यांनी श्वास घेतलाय. त्या बोलणार होत्या, तू बोलू दिलं नाहीस." मान वर करायची सोय उरली नाही.

पुढच्या आठवड्यात परत गेले. कागद पिशवीतच ठेवला.

"मावशी, इथं आधी काय होतं?"

"माळ व्हता," म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

माझी जीभ वळवळत होती. दातांखाली धरून बसले. एक मेंढी येऊन ओढणी चघळू लागली, तिलाही हटकलं नाही.

बऱ्याच वेळानं मावशींनी भिंतीकडे काठी केली. "त्येच्या आत करंजाचं झाड व्हतं. मेंढरं फिरवताना कळा आल्या, तितंच माजी धाकटी झाली. सासूनं लुगड्याचा आडोसा धरला. नाळ बी तितंच पुरली." थोडं थांबून म्हणाल्या, "आता ती तितंच पॅकिंगला जाती. रोज."

"तुमच्या धाकटीला ठाऊक आहे?"

"न्हाई. कुणी इचारलंच न्हाई."

एवढं सगळं त्या एका श्वासामागे होतं, आणि मी ते दोन शब्दांत उतरवून मोकळी झाले होते.

तेवढ्यात कारखान्याची पाळी सुटली. डब्याची पिशवी घेऊन धाकटी आली, मला पाहून ओशाळं हसली. मावशींनी तिला जवळ बसवून सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं तसंच. ती ऐकतच राहिली.

"आये, नेमकं कुटं?"

मावशी उठल्या. समोरच्या डोंगराचा अंदाज घेत भिंतीच्या कडेनं चालत गेल्या आणि एका जागी पालथा हात टेकवला. "हितनं आत. ईस पावलं."

धाकटीनं मनात हिशेब केला. "अगं, तितंच तर आमी जेवायला बसतो," ती म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरले. मग तिनंही आईच्या शेजारी भिंतीला हात लावला.