झिपरीनं तोंड फिरवलं तेव्हा

शाळेत शिकवून घरी आले तेव्हा आक्का ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. एरवी त्या वेळी त्या म्हशींपाशी असतात. मी पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "सुनंदा, डॉक्टरला ये म्हणावं." कोणते डॉक्टर आणि कशासाठी, हे विचारायची गरज नव्हती. महिनाभर घरात झिपरीचंच बोलणं चाललं होतं, आणि महिनाभर आक्का तेवढ्या गप्प होत्या...

झिपरी आक्कांची कुत्री. तिला जाऊन आता काही आठवडे झालेत. आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला, लेकीला घेऊन माहेरी आल्या आणि भूम गावाच्या बाहेर, परंड्याच्या रस्त्याला असलेल्या आमच्या शेतातल्या घरात दोन म्हशी सांभाळून राहिल्या. एका श्रावणात बायकांबरोबर जीप करून येडशीच्या रामलिंगाला गेल्या होत्या. तिथं पायऱ्यांवर वानरांनी एका केसाळ पिल्लाला कोंडीत धरलं होतं. आक्कांनी त्याला पदरात उचललं ते थेट घरीच आणलं. जीपमध्ये बायका हसत होत्या, की देवाला गेलात आन् कुत्रं घेऊन आलात. आक्का म्हणाल्या, "देवानं दिलं ते घ्यावं. मागितलं व्हतं का म्या?"

पुढं रोज सकाळी आक्का दुधाची किटली घेऊन डेअरीवर निघाल्या की झिपरी पुढं चालायची. वळणावर थांबून मागं बघायची, आक्का दिसल्या की पुन्हा पुढं. लेकीच्या बाळंतपणाला आक्का पुण्याला जाऊन राहिल्या, तेव्हा दूध आमचे हे मोटरसायकलवर न्यायचे. झिपरी मात्र आपल्या वेळेला एकटीच चालत डेअरीवर जायची, ओट्याखाली बसायची आणि दुधाची गाडी गेली की परत यायची. डेअरीवाल्यांनी आक्कांना फोन करून सांगितलं, "आक्का, तुमचं माणूस रोज हजर हाय बरं का." त्या फोनवरच रडल्या, असं नंतर लेकीनं सांगितलं.

चौदा-पंधरा वर्षं ती अशी चालली. मग मागचे पाय ओढायला लागली. पोटाखाली गाठ आली. जनावरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. हात धुताना म्हणाले, "गाठ आतपर्यंत गेलीय. गोळ्यांनी दुखणं जरा कमी होईल, पण ती आता उठायची न्हाय. लई हाल व्हायला लागले तर इंजेक्शन असतं, झोपेत जाते. कधी, ते तुम्ही ठरवा."

ते ठरवणंच अवघड होतं. ह्यांचं म्हणणं स्पष्ट होतं, "ज्यानं जीव दिला तो नेईल. आपण कोण?" मला वेगळं वाटत होतं, पण झिपरी आक्कांची होती. आक्का गोळी गुळात घालून चारायच्या, पाय चोळायच्या आणि दुसरं काही बोलायच्या नाहीत. एखाद्या दिवशी झिपरी चतकोर भाकरी खायची, शेपूट हलवायची. मग वाटायचं, आपण उगीच घाई करतोय. दुसऱ्या दिवशी ती पाण्यालाही तोंड लावायची नाही.

एक मात्र तिनं सोडलं नव्हतं. घरात कधी घाण केली नाही. पुढच्या पायांवर सरपटत लिंबाच्या झाडापर्यंत जायची. मागचे पाय खरचटून निघाले, आम्ही पोतं अंथरलं, उचलून नेतो म्हटलं, तरी ती स्वतःच निघायची.

त्या दिवशी सकाळी तिला ते जमलं नाही. आक्का उठल्या तर पोतं भिजलेलं. त्यांनी तिला पुसलं, पोतं बदललं. "मी साफ करीत व्हते," पायरीवर बसून त्या मला सांगत होत्या, "आन् तिनं तोंड भिताडाकडं फिरवलं. हाक मारली तरी बघंना. इतक्या वर्षांत कधी असं केलं न्हाय गं तिनं..." मग म्हणाल्या, "ती माझ्यासाठी थांबलीय. आता म्याच तिला सोडाया पायजे."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. सकाळी आक्कांनी हातगाड्यात गोधडी घातली, झिपरीला वर ठेवलं, शेजारी किटली ठेवली. गाडा ढकलायला कोण पुढं झालं, तर आमचे हे.  डेअरीवर एकानं किटलीच्या झाकणात दूध ओतून तिच्यापुढं धरलं. तिनं दोन-चारदा जीभ लावली. परत येताना वळणावर ह्यांनी गाडा जरा थांबवला. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

दुपारी लिंबाखाली आक्कांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी पायावरचे केस बाजूला केले. आक्का तिच्या कानामागं खाजवत होत्या, आणि बराच वेळ खाजवतच राहिल्या. डॉक्टर हळूच म्हणाले, "झालं, आक्का." त्या म्हणाल्या, "व्हय. कळलं मला." बांधावरच्या बोरीखाली ह्यांनी स्वतः खड्डा खणला, कुणाला हात लावू दिला नाही.

पुढं एकदा शेंगा फोडताना आक्कांनी विचारलं, "घाई तर झाली न्हाय ना आपली?" मी म्हटलं, "मला खरंच सांगता येत नाही, आक्का." त्यांनी आणखी दोन शेंगा फोडल्या. "आदी केलं असतं तर आपल्याला लागलं असतं. नंतर केलं असतं तर तिला. आपल्याला लागल्यालं बरं."

आमच्या आवाराच्या फाटकाला कडी आहे, पण ती कधी घातली जायची नाही. झिपरीला रात्री-अपरात्री शेताला फेरी मारायची असायची, म्हणून फाटक वीतभर उघडं ठेवायची आक्कांची रीत. गेल्या आठवड्यात त्या फटीतून शेजारची शेळी शिरली आणि मेथीचा वाफा साफ करून गेली. मी म्हटलं, "आक्का, आता कडी घालायला हरकत नाही."

"घालीन की," आक्का म्हणाल्या.

आज सकाळी शाळेला निघताना बघितलं. फाटक वीतभर उघडं होतं.