टिपणीसकाकांचा प्रश्न

ऊवे कधी फोन करत नाही. काही सांगायचं असलं तर तो शनिवारपर्यंत थांबतो आणि फुटबॉलच्या मैदानावर सांगतो. त्यामुळे सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी हॅम्बर्गच्या माझ्या ऑफिसात मोबाईलवर त्याचं नाव दिसलं, तेव्हाच मला काय ते कळलं होतं. मी फोन उचलला. तो म्हणाला, "आल्झो, म्हणजे... मधू गेला. पहाटे." टिपणीसकाकांचं मधुकर हे नाव जर्मन जिभेवर एवढंच उरलं होतं. मी डांके म्हणून आभार मानले, फोन ठेवला आणि समोर उघडी असलेली ईमेल अगदी व्यवस्थित लिहून पूर्ण केली. माणूस गेल्याचं कळल्यावर आपण काय काय करतो ते नंतर आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. पण मला लाज वाटायला आणखीही एक कारण होतं, आणि ते सांगून टाकावं म्हणूनच खरं तर हे लिहायला बसलो आहे.

काका मूळचे पेणचे. एकोणीसशे सत्तरच्या आसपास ड्राफ्ट्समन म्हणून इथल्या जहाजबांधणीच्या कारखान्यात आले, इथल्याच इंग्रिडशी लग्न केलं आणि इथलेच झाले. मूलबाळ नव्हतं. इंग्रिडकाकूंना मी पाहिलं नाही, मी आलो त्याच्या आधीच त्या गेल्या होत्या. माझी आणि काकांची ओळख गणपतीतली. एका शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये आरती संपल्यावर सगळे प्रसादाच्या रांगेत असताना हा पांढऱ्या केसांचा उंच माणूस एकटाच खुर्च्या एकावर एक रचत होता. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "पाचाच्या वर रचू नकोस, हाउसमाइस्टर ओरडतो." म्हणजे शाळेचा रखवालदार. मग नाव-गाव झालं, चिंचवडात मी कुणाचा कोण ते झालं, आणि निघताना त्यांनी विचारलं की शनिवारी दुपारी काय करतोस. मी म्हटलं, कपडे धुतो. ते हसले नाहीत. त्या शनिवारी मला घेऊन मॅचला गेले.

क्लबचं नाव सांगितलं तरी कुणाला कळणार नाही, इतका तो लहान होता. खालच्या लीगमध्ये खेळायचा, तिथंही बहुतेक वेळा हरायचा. एका बाजूला छप्पर, तीन बाजूंना आभाळ, आणि आभाळ म्हणजे हॅम्बर्गचं, सदा गळणारं. उभं राहून बघायच्या पायऱ्यांवर तिसऱ्या खांबाशी काकांची जागा होती. लग्नानंतर सासऱ्यांनी पहिल्यांदा तिथं आणून उभं केलं होतं, तेव्हापासून ती बदलली नव्हती. सासऱ्यांच्या जागी आता ऊवे उभा असे. तो बंदरातल्या फेरीबोटीवर काम करून निवृत्त झालेला, बोलायला महाकंजूस. काका थर्मासमधून आल्याचा चहा आणायचे आणि हाफटाइमला तिघांना ओतायचे. ऊवे तो चहा तोंड वाकडं करून प्यायचा, पण कधी नको म्हणाला नाही. वर्षभरानं माझ्या वाढदिवसाला काकांनी मला क्लबचं सभासदत्व भेट दिलं. माझी बायको मेधा म्हणाली, लोक शर्ट देतात, यांनी वर्गणी दिली. मीही हसलो होतो. या देशात फुटबॉलचा क्लब सभासदांचा असतो, हे तेव्हा मला नीटसं ठाऊक नव्हतं. वर्षातून एकदा सभा भरते, कुणीही सभासद उठून अध्यक्षाला काहीही विचारू शकतो, आणि मग कार्डं वर करून मतं देतात. मत देणाऱ्यानं स्वतः हजर राहायचं, दुसऱ्याकडून पाठवायचं नाही. काकांना त्या सभेचं फार अप्रूप होतं. ते म्हणायचे, मी इथं आलो तेव्हा कारखान्यात मला कुणी काही विचारत नव्हतं, पण या सभेत मी अध्यक्षाला संडासाच्या दिव्याबद्दल विचारलं आणि त्यानं उभं राहून उत्तर दिलं.

गेल्या वर्षी, मंदीच्या तोंडावर, बातमी आली. दूरच्या एका देशाच्या सरकारी कंपनीला आमचा क्लब हवा होता. नियमाप्रमाणे निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच राहणार होती, पण संघाची वेगळी कंपनी काढायची, प्रशिक्षक त्यांचा, व्यवस्थापक त्यांचा, मैदानावर नाव त्यांचं. त्या देशात सरकारविरुद्ध लिहिणारे तुरुंगात जातात हे सगळ्यांना माहीत होतं. बदल्यात नवं स्टेडियम मिळणार होतं आणि वरच्या लीगचं स्वप्न. क्लबच्या लहानशा घरात, बिअरच्या डागांच्या टेबलांभोवती, महिनाभर दुसरा विषय नव्हता. पोरांच्या संघाचं बघणारी हाइके म्हणायची की माझ्या मुलांना हिवाळ्यात कपडे बदलायला गरम खोली नाही, मला पैसा कुठून येतो त्याच्याशी कर्तव्य नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि काकांनी तिला कधी खोडलं नाही. त्यांना जास्त जड गेले ते त्यांच्याच, म्हणजे विरोधाच्या, बाजूचे लोक. एका संध्याकाळी त्यातला एक जण तावातावानं म्हणाला की परक्यांना आमच्यात पाऊलच ठेवू देता कामा नये, आणि टाळ्या पडल्या. काका उभे राहिले. म्हणाले, मीही परकाच आहे, तुमच्याशेजारी पस्तीस वर्षं भिजतो आहे. ते परके आहेत ही माझी तक्रार नाही. त्यांना या खोलीत उभं करून कुणाला काही विचारता येणार नाही, ही माझी तक्रार आहे. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. ऊवेनं फक्त त्यांच्यासाठी खुर्ची मागे ओढली.

या प्रस्तावावर मतं घेणाऱ्या वार्षिक सभेच्या आठवडाभर आधी काकांना हृदयाचा त्रास सुरू झाला आणि ऑपरेशनची तारीख नेमकी सभेच्या आदल्या दिवशीची मिळाली. पुढे ढकलायला डॉक्टर तयार होईनात. मी भेटायला गेलो तर त्यांनी उशीखालून एक कागद काढला. त्यावर त्यांचा प्रश्न होता, सभेत मी वाचायचा. जर्मन भाषेत, पण देवनागरीत लिहिलेला. 'माइनं फ्रागं इस्ट आइनफाख', माझा प्रश्न सोपा आहे, अशी सुरुवात. मी बघतच राहिलो. ते म्हणाले, "जर्मन अक्षरं दिसली की तू इंग्रजी वाचतोस. चार वर्षं ऐकतोय मी. हे असं वाच, एक अक्षर चुकणार नाही." ड्राफ्ट्समनचं ते रेखीव अक्षर, कुठं श्वास घ्यायचा तिथं उभी रेघ, आणि जिभेला अवघड जागी समासात सूचना: ओठ शिट्टी वाजवल्यासारखे, आणि म्हण ई. प्रश्न एवढाच होता: उद्या माझा तुमच्याशी मतभेद झाला, तर मी कोणासमोर उभं राहून विचारायचं? त्या माणसाचं नाव सांगा, आणि तो या सभेला येईल का ते सांगा. मी दोन वेळा वाचून दाखवला. काकांनी डोळे मिटून ऐकला आणि दुसऱ्यांदा मान हलवली.

सभेच्या दिवशी मी कागद खिशात घालून गेलो. ऊवेशेजारी बसलो. आणि दोन रांगा पुढे मला माझे साहेब दिसले. ते सभासद आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. नव्या स्टेडियमच्या तिकिटांची सगळी यंत्रणा आमची कंपनी करणार, अशी कुजबुज ऑफिसात होती. आमच्या मजल्यावरची चार टेबलं त्या महिन्यात रिकामी झाली होती, आणि माझा इथं राहण्याचा परवाना त्याच नोकरीला बांधलेला होता. मुलगी नुकती किंडरगार्टनला जाऊ लागली होती. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि त्यातलं एकही मला त्या क्षणी सुचलं नव्हतं. साहेबांनी मागे वळून ओळखीचं हसून हात केला, आणि माझे पाय जागचे हलले नाहीत, एवढंच झालं. प्रश्नांसाठी माइक फिरला. ऊवेनं मला कोपर मारलं. मी खाली बघत राहिलो. मग त्यानं हात पुढे केला, दे इकडे, मी वाचतो. मी कागद दिला. त्यानं उघडला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. त्या भरल्या सभागृहात तो कागद वाचू शकणारा माणूस मी एकटा होतो. मी कानात सांगितलं असतं तरी ऊवेनं तो खणखणीत बोलून दाखवला असता. त्यानं कागद घडी घालून परत दिला. माइक पुढे गेला. मतदानात मी तटस्थांमध्ये कार्ड वर केलं, म्हणजे धड इकडचा नाही आणि धड तिकडचाही नाही. ठराव मंजूर झाला.

काका शुद्धीवर येऊन बोलायला लागले, आणि सभेनंतर तीन दिवसांनी मी त्यांना भेटायला गेलो. पहिला प्रश्न तोच. "वाचलास?" मी म्हटलं, वाचला. "काय म्हणाले?" आणि मी, काहीही तयारी न करता, म्हणालो की लेखी उत्तर पाठवतो म्हणाले. काकांनी हं केलं आणि खिडकीकडे पाहिलं. ठराव मंजूर झाल्याचं त्यांना आधीच कळलं होतं.

त्यानंतर ते सावरलेच नाहीत. घरी आले, पण जिने चढणं संपलं, मैदान संपलं. मी रविवारी जायचो, कधी मेधा आणि मुलगीही येत. मुलगी त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलायची आणि ते तिला मराठीत उत्तर द्यायचे, दोघांचं उत्तम चालायचं. आणि दर रविवारी, चहा झाल्यावर, काका मला विचारायचे, क्लबकडून पत्र आलं का रे? मी म्हणायचो, नाही अजून. एकदा म्हणालो, जर्मन पोस्टही आता आपल्यासारखं झालं. ते हसले. मला वाटायचं, या रविवारी सांगून टाकू, मग त्यांचा चेहरा बघून वाटायचं, आजारी माणसाला कशाला. स्वतःची सोय बघताना आपण दुसऱ्याच्या तब्येतीचं कारण किती सहज पुढे करतो! उन्हाळा संपता संपता एका रविवारी त्यांनी विचारलं नाही. मी निघताना दारात माझा हात धरला, त्यांच्या हातात तेव्हा जोर उरला नव्हता, आणि म्हणाले, "आता त्या पत्राची वाट बघू नकोस तू." मी बरं म्हटलं. क्लबवरचा त्यांचा विश्वास उडाला, असं मला वाटलं. दोन आठवड्यांनी ऊवेचा तो फोन आला.

अंत्यविधी झाल्यावर काकांचं घर आवरायला ऊवे आणि मी दोघंच होतो. स्वयंपाकघरात तो बरण्या कागदात गुंडाळत होता. मला राहवलं नाही. त्याला सांगितलं की त्या सभेबद्दल मी मधूशी खोटं बोललो, आणि ते खरं मानूनच तो गेला. ऊवेनं हातातली बरणी पूर्ण गुंडाळली, खोक्यात ठेवली.

"त्याला माहीत होतं," तो म्हणाला. "मीच सांगितलं. तू हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी. मला तुझा राग आला होता, त्याला नव्हता. म्हणाला, त्याला बायको आहे, मुलगी आहे, आणि परवाना आहे. मला इंग्रिड होती, परवान्याची काळजी नव्हती."

मी विचारलं, मग दर रविवारी पत्राचं का विचारायचा? ऊवेला इतकं बोलायची सवय नाही. तरी म्हणाला, "तुला सांगायला जागा करून देत असेल." आणि पुढची बरणी घेतली. मी तिथंच फरशीवर बसलो आणि रडलो. जवळजवळ चाळीस रविवार तो माणूस माझ्यासमोर दार उघडून बसला होता, आणि शेवटी मला उंबऱ्यावर ताटकळलेलं बघून त्यानंच ते हळूच लावून घेतलं.

या महिन्यात क्लबची वार्षिक सभा झाली. यंदा मोठ्या हॉटेलात, नावाच्या पाट्या, कॉफीची यंत्रं. साहेब पहिल्या रांगेत होते. प्रश्नांची वेळ आली तसा मी उठलो, माझं नाव आणि सभासद क्रमांक सांगितला, आणि म्हटलं की हा प्रश्न मधुकर टिपणीस यांचा आहे, तो विचारायला वर्षभर उशीर झाला तो माझ्यामुळे. मग कागद उघडला. रेघ होती तिथं श्वास घेतला, सांगितलं होतं तिथं ओठ गोल केले. एक अक्षर चुकलं नाही. व्यासपीठावरच्या नव्या व्यवस्थापकानं शेजारच्याकडे पाहिलं, शेजारच्यानं कागद चाळले, आणि मग व्यवस्थापक माइकमध्ये म्हणाला की याचं उत्तर आम्ही लेखी पाठवू.

ऊवेनं माझ्याकडे पाहिलं. मी पत्ता काकांचा दिला.

त्यांचं घर भाड्याच्या करारानं महिनाअखेरपर्यंत त्यांच्याच नावावर आहे. वर काहीच उरलेलं नाही, भिंतीवर फक्त घड्याळाचा खिळा आहे. खाली टपालपेटीवर मात्र त्यांच्या हातची पट्टी अजून आहे, त्याच रेखीव अक्षरात, टिपणीस, आणि तिची किल्ली माझ्याकडे आहे. रविवारी चहाच्या वेळेला मी जातो आणि पेटी उघडून बघतो. पिझ्झाच्या जाहिराती असतात, वीज कंपनीचं एखादं पाकीट असतं. पत्र अजून आलेलं नाही, काका... आणि या वेळी मी खरं सांगतो आहे.