काकांची गियरची स्कूटर

"इले आंधी एका अंगावर कलती करा लागते, मंग किक मारा लागते," शेजारचे काका भंगारवाल्याला समजावत होते.

"काका, मी इले भंगारात नेऊन राह्यलो, वरातीत नाई."

कुंपणाच्या अलीकडे मी माझी इलेक्ट्रिक स्कूटर पुसत होते. काका तिला शिलाई मशीन म्हणतात. मालेगावच्या आमच्या गल्लीतून एखादी मोटारसायकल गेली की ते बोलता बोलता थांबतात, कान देतात, "चेन ढिली हाये याची" म्हणतात आणि राहिलेलं वाक्य पुरं करतात. तरुणपणी ते आता भंगारात निघालेल्या याच स्कूटरवरून रिठद गावाहून यायचे. पायाशी गव्हाचं पोतं, पोत्यावर पोरगं उभं आणि मागे काकू. सांगताना पोत्याचं वजन दर वेळी वाढतं. मी नुसती हसते. त्यांच्याशी बोलणं मला कधी जमलं नाही.

आता त्यांचा गुडघा साथ देत नाही. चालवणारं कोणी नाही, म्हणून मुलाने फोनवरून स्कूटर काढून टाकायला सांगितलं.

भंगारवाल्याने हँडलला हात घालताच काकांनी त्याला बाजूला केलं, स्कूटर कलती केली आणि ते दुखऱ्या पायाने किक मारत राहिले. शेवटी धूर सोडत ती सुरू झाली. काकांचा चेहरा उजळला.

"चालू गाडी कायले देता?" भंगारवाल्याने विचारलं.

"चालवणारं कोण हाये, बापू?"

मी फडकं खाली ठेवलं.

"मी चालवीन, काका. मला गियर टाकायला शिकवा."