नकाशावरची हळद

गाळ साठायला नदी लागते. भूगोलाच्या मास्तराकडे किस्से बसल्या जागी साठतात! बी.एड. होऊन मी काष्टीच्या हायस्कूलात रुजू झालो, तेव्हा वर्षभरात सगळ्या तालुक्याला जग दाखवायची मला घाई होती. झालं ते असं.

*

शाळेत भारताचा नवाकोरा नकाशा होता. पण हेडसरांच्या कपाटात, कुलपात.

"मुलं खराब करतील," ते म्हणाले.

"सर, नकाशा म्हणजे काय लोणचं आहे, मुरवत ठेवायला?"

हेडसरांनी किल्ली दिली, वर अट घातली. "बोट लावायचं नाही. छडीनेच दाखवायचं. डाग पडला तर जबाबदारी तुमची!"

*

नववीचा पहिला प्रश्न : "सर, ह्यात आपली काष्टी कुठाय?"

नव्हतीच! वर्ग हिरमुसला. हेडसर तालुक्याला गेलेत असं पाहून ड्रॉइंगच्या डॅनियल सरांनी ब्रशने एक सुबक ठिपका दिला. आम्ही सगळे कौतुकाने पाहत होतो. तेवढ्यात पुढच्या बाकावरची शकू उठली.

"सर, मग श्रीगोंदा आन् दौंडबी ह्याच्याखालीच गाडलं की!"

नकाशाचं प्रमाण हा धडा मला पुन्हा शिकवावा लागला नाही.

*

मानवी भूगोल पुस्तकातून कसला शिकवायचा? मी वर्गाला घेऊन शनिवारच्या बाजारात पाहणीला गेलो. बैल धरून उभ्या असलेल्या एका गृहस्थांना विचारलं, "मुख्य व्यवसाय?"

"शनवारी बैल इकनं."

"आणि इतर दिवशी?"

"तो का न्हाई इकला, म्हनून बायकूचं ऐकनं!"

*

त्याच पाहणीत शकूच्या शेजारच्या गंगूबाईंच्या दारात गेलो.

"घरात माणसं किती?"

"दोन."

दिसत तर त्या एकट्याच होत्या. शकू हळूच म्हणाली, "आत्या, बाळूदादा तर मिल्ट्रीत हाय."

"मिल्ट्रीत गेला म्हंजी काय घरातनं वजा झाला व्हय?"

आम्ही दोन लिहिले.

*

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली. बाळूचं पत्र बंद झालं. एक दिवस चालू तासाला गंगूबाई वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या.

"गुरुजी, माजा बाळू ह्यात कुठं हाय, तेवढं दावा."

जवानाच्या पत्रावर ठिकाण नसतं. मी वर्गाकडे वळलो. "शोधा! आत्या, त्याने काही सांगितलं होतं?"

"मागल्या संक्रांतीला आल्ता तवा म्हनत हुता, तिकडं थंडी लई. सकाळी धुकं. चहूकडं नुसता गहू, आन् पानी कालव्याचं."

"पंजाब!" अख्खा वर्ग ओरडला. हवामान, पिकं, सिंचन, सगळं एका दमात! माझी छाती फुगली. मी छडी पंजाबवर टेकवली.

गंगूबाईंनी पदराची गाठ सोडली आणि देवाला लावावी तशी बोटाने पंजाबला हळद लावली.

"अहो, बोट..." मी म्हणायला गेलो. मागे हेडसर येऊन उभे राहिले होते.

"असू द्या," ते म्हणाले.

मग त्या रोज येऊ लागल्या.

*

इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी नकाशाकडे छडी नेली. "हा पिवळा भाग. इथे काय पिकतं?"

शकू उभी राहिली. "तिथं आमचा बाळूदादा हाय, साहेब. पत्र अजून आलं न्हाई."

साहेबांनी छडी खाली ठेवली. मग त्यांनी शेरा लिहिला : "नकाशाचा वापर होतो."

*

लढाई संपली. पुढे सुट्टी मिळाली तसा बाळू आला. एस.टी.तून उतरलेल्या लेकाला गंगूबाईंनी घरी न नेता थेट शाळेत आणलं. वर्गाने टाळ्या पिटल्या. बाळू लाजून नकाशाकडे पाहू लागला.

"आये, ही हळद कशाची?"

"तुजी. तिथं हुतास न्हवं?"

"न्हाई गं. आमाला पावसाळ्यातच हलवलं. मी हिकडं हुतो." त्याने बोट ठेवलं ते पार दुसऱ्या टोकाला, बंगालच्या नद्यांच्या जाळ्यात.

माझ्या हातातली छडी मला कुठे ठेवावी कळेना.

गंगूबाईंनी एकदा त्या नद्यांकडे पाहिलं, एकदा पिवळ्याधमक पंजाबकडे.

"मंग काय झालं?" त्या म्हणाल्या. "तिथंबी कुनाचं तरी पोरगं हुतंच की."