येलदरीच्या माळावर छत्री क्लब

आमच्या क्लबचं पाटीवरचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण परभणीत सगळे त्याला 'छत्री क्लब' म्हणतात. फौजेत असताना विमानातून उड्या मारलेले एक निवृत्त सुभेदार, त्यांची जीप, एक भली मोठी पॅराशूट आणि आम्ही काही हौशी माणसं, एवढाच पसारा. विमान कुठलं आलंय! जीपला लांब दोर बांधायचा. जीप पळाली की छत्री फुगते आणि पट्ट्यांत अडकवलेला माणूस वर जातो. दर हिवाळ्यात येलदरीजवळच्या माळावर आमचं आठवडाभर शिबिर असतं.

खरी हौस माझ्या बायकोची. ती शाळेत भूगोल शिकवते, मी बँकेत कारकून. पहिल्या वर्षी मी फक्त तिचा डबा आणि स्वेटर सांभाळायला गेलो होतो. सुभेदारांनी मला पाहिलं आणि छत्रीची एक कड हातात दिली. "तुमचं वजन चांगलंय साहेब. वाऱ्यानं ओढलं तरी तुम्ही हलणार नाही."

त्या शिबिरात पहिले दोन दिवस वाराच नव्हता. आम्ही माळावर पेरू खात पडून राहिलो. बुधवारी मात्र तो असा आला की बायको वर गेली, दोर सुटला आणि खाली उतरता उतरता ती बाभळींच्या पलीकडे दिसेनाशी झाली. मी पळत सुटलो. एक चप्पल वाटेतच राहिली.

पोचलो तर बाईसाहेब बांधावर बसून हरभऱ्याचे ढाळे सोलत होत्या. छत्री पिकावर पसरलेली आणि शेजारी शेताची मालकीण पदर तोंडाला लावून हसत होती.

"मावशी, तुमच्या हरभऱ्याचं नुकसान झालं हो," बायको म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या. तसंबी येणारंजाणारं उपटूनच न्हेतंय." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "हे कोन?"

"मी हिचा नवरा."

"मंग तुमी खालीच कसे?"

"मी छत्री धरतो."

"भ्याव वाटायलंय व्हय?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "लय!"

दुसऱ्या दिवशी मावशी आपल्या जावेला घेऊन माळावर हजर. दोघी नीट बसकण मारून बसल्या. सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं, मावशींनी पाहिलं, बायकोनं तर डोळेच रोखले. मी मुकाट्यानं पट्टे चढवून घेतले.

जीप सुटली, चार पावलं पळालो आणि पाचवं पाऊल टेकायला जमीनच नव्हती. "थांबवा! अहो, थांबवा!" मी ओरडत राहिलो. जीपच्या आवाजात कोण ऐकणार? मग वर एकदम शांत झालं. त्या शांततेत माझाच आवाज मला ओशाळवाणा वाटला आणि मी गप्प झालो. हळूच डोळे उघडले. धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं. कडेला मासेमारांच्या होड्या. पायाखालून एक बगळा चालला होता. बगळ्याची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

उतरताना पाय टेकायचे असतात हे विसरलो आणि सरळ बुडावर आपटलो.

मावशी धावत आल्या. "लय वरडायले व्हते की वो! काय दिसलं?"

"तुमचं वावर."

"कसं हाय?"

"हिरवंगार. रुमालाएवढं."

"रुमालाएवढं?" त्यांना ते अजिबात पटलं नाही.

शनिवारी त्या लुगड्याखाली लेकाची पँट घालून आल्या. चूल पेटवायला बसावं इतक्या सहज वर गेल्या, हूं की चूं नाही. खाली आल्यावर आधी जावेला सांगितलं, "ह्या सायबाचं काय ऐकू नकोस. चांगलं मोठं हाय आपलं वावर!"

रविवारी परत निघालो. बायको गाडी चालवत होती, मी शेजारी उशीवर बसलो होतो.

"पुढच्या वर्षी जाल का हो वर?" तिनं विचारलं.

"जाईन की," मी म्हणालो. "पण उतरायचं कसं ते आधी शिकव."

ती इतकी हसली की जिंतूरच्या अलीकडे तिला गाडी बाजूला घ्यावी लागली.